चितळकर : झोक्यावरचा आवाज

अमेरिकेतील स्विंग संगीताला मराठी गळा देणाऱ्या सी. रामचंद्र यांच्यातील दुर्लक्षित गायकाची ओळख

प्रतिनिधी, चंद्रपूर

लग्नसराईत चंद्रपूरच्या रस्त्यावरून वरात निघते. बँडपथकातील ट्रम्पेटवाला ‘अलबेला’तील एखादी चाल छेडतो आणि इतका वेळ कडेने शांतपणे चालणारे आजोबाही दोन्ही हात कोपरात वाकवून, पावले जेमतेम उचलत डोलू लागतात. नाचण्याची ही लकब भगवानदादांची, हे गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत कोणालाही सांगावे लागत नाही. मूळ गाणे कोणी गायिले, असे विचारले की मात्र उत्तरे अडखळतात. कोणी किशोरकुमार म्हणतो, कोणी महंमद रफी. ध्वनिमुद्रिकेवर छापलेले नाव वेगळेच आहे. तेथे लिहिले आहे, चितळकर.

हे चितळकर म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. संगीतकार सी. रामचंद्र म्हणून उभा देश त्यांना ओळखतो. चित्रपटसृष्टी त्यांना आदराने अण्णा म्हणत असे. ‘अनारकली’च्या विरहगीतांपासून ‘ए मेरे वतन के लोगो’पर्यंतच्या त्यांच्या चालींवर भरभरून लिहिले गेले आहे. याच माणसाने पार्श्वगायक म्हणून केलेले काम मात्र आजही एखाद्या तळटीपेपुरतेच उरले आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात जन्मलेल्या स्विंग संगीताचा डौल हिंदी चित्रपटगीतात ज्या मोजक्या गळ्यांनी सहजपणे पेलला, त्यात हा मराठी गळा अग्रभागी होता. म्हणूनच या गायकाची स्वतंत्र दखल घेणे अगत्याचे ठरते.

नागपूरचे संस्कार

रामचंद्र चितळकरांचा जन्म 12 जानेवारी 1918 रोजी तेव्हाच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. त्यांच्या गळ्यावर पहिले पद्धतशीर संस्कार झाले ते मात्र विदर्भात. नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते शास्त्रीय संगीताचे धडे गिरवू लागले. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे हे तेथील त्यांचे सहाध्यायी. एकाच गुरूच्या हाताखाली बसलेल्या या दोन मुलांपैकी एक पुढे नाट्यसंगीत आणि ख्यालगायकीचा मानदंड ठरला, तर दुसऱ्याने ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या सोबतीने गाण्याची वाट धरली. नागपूरनंतर पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयातही चितळकरांनी शिक्षण घेतले. सुरांचा हा पाया त्यांना आयुष्यभर पुरला. पाश्चात्य वाद्यवृंदाच्या गजरातही त्यांची चाल कधी भरकटली नाही, याचे श्रेय या तालमीलाच द्यावे लागेल.

मनात मात्र नट होण्याची ओढ होती. चित्रपट बोलू लागून अवघी चारपाच वर्षे झाली होती आणि पडद्यावर वावरणाऱ्याला गाता येणे आवश्यक मानले जात होते. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या 1935 च्या चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट आपटला. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ‘सैद-ए-हवस’ आणि ‘आत्मतरंग’ या चित्रपटांत किरकोळ कामे पदरी पडली. अभिनयात डाळ शिजत नाही, हे दिसू लागले होते. अशा वेळी हार्मोनियमने हात दिला. बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना पेटीची साथ करता करता, चित्रपटाचे गाणे आतून कसे बांधले जाते हे या तरुणाने पाहून घेतले. नायक व्हायला आलेला मुलगा वादकांच्या ताफ्यात जाऊन बसला आणि तेथेच त्याचे भवितव्य ठरले.

दादरचा मित्र

याच धडपडीच्या काळात त्यांची गाठ भगवान पालव या उमद्या तरुणाशी पडली. भगवानदादांचा जन्म 1913 साली अमरावतीचा. वाढले मात्र ते मुंबईच्या गिरणगावात. कुस्ती आणि मारधाडीच्या चित्रपटांची त्यांना आवड. पैसा थोडा, उत्साह दांडगा. भगवानदादांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तामिळ चित्रपटांनी 1940 च्या सुमारास चितळकरांना संगीत दिग्दर्शकाची पहिली संधी दिली. मराठी मुलुखातल्या संगीतकाराची सुरुवात तामिळ चित्रपटांनी व्हावी, हा योगायोग गमतीचा खरा. त्यानंतर 1942 मध्ये भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ने हिंदीचे दार उघडले.

या काळात ते एका नावाने वावरत नसत. कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, तर एका चित्रपटापुरते शामू. कमी खर्चाच्या मारधाडपटांसाठी एक नाव, प्रतिष्ठित निर्मितीसंस्थांसाठी दुसरे, अशी ही वाटणी होती. पुढे ‘सी. रामचंद्र’ हे नाव संगीतकारासाठी कायम झाले आणि गाताना ‘चितळकर’ हे आडनाव तेवढे उरले. माणूस एकच, पण श्रोत्यांच्या लेखी दोन झाले. संगीतकाराची कीर्ती वाढत गेली आणि गायक आडनावाच्या आडोशाला राहिला.

ताजमहाल हॉटेल ते स्टुडिओ

चितळकरांच्या गाण्याकडे वळण्यापूर्वी स्विंग म्हणजे काय, हे थोडक्यात पाहायला हवे. शब्दाचा अर्थच झोका. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या जाझ संगीतातून 1930 च्या दशकात नृत्यासाठी मोठे वाद्यवृंद उभे राहिले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या रांगा एकमेकींना सवाल-जवाब केल्यासारख्या वाजत. मागे पियानो, बास आणि ड्रम्स ठेका धरत. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर पडे आणि गाणारा शब्द नेमक्या ठोक्यावर न टाकता किंचित मागे रेंगाळत ठेवी. त्या रेंगाळण्यातून ऐकणाऱ्याच्या अंगात जो हेलकावा उतरतो, तोच स्विंग. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन हे या संगीताचे सरदार, तर एला फिट्झजेराल्ड आणि बिली हॉलिडे या त्याच्या लाडक्या गायिका. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने चितळकरांना विशेष मोहिनी घातली होती.

हे संगीत मुंबईत केवळ तबकड्यांतून आले असे नाही. लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपला ताफा घेऊन 1935 मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मुक्काम ठोकला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवण्याची जुनी परंपरा होती. त्यामुळे कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारी पिढी तेथे सहज घडत असे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. चिक चॉकलेट या नावाने ते ताजमध्ये ट्रम्पेट वाजवीत. लुई आर्मस्ट्राँगची छाप त्यांच्या वादनावर इतकी गडद होती, की रसिक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

युद्ध संपले, गोरे सैनिक परतले, संस्थानिकांचा थाट ओसरला. त्यातच मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या क्लबांची रया गेली. या वादकांना पोटापाण्यासाठी दुसरा आधार हवा होता आणि चित्रपटांना नव्या नादाची भूक होती. दोन्ही गरजांचा सांधा ज्यांनी नेमका जुळवला, त्यांत सी. रामचंद्र आघाडीवर होते. ते पेटीवर चाल सांगत; गोव्याचे साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा वाटा लिहून काढत. भारतीय गाण्याची एकेरी वाट आणि पाश्चात्य स्वरमेळाचे अनेक पदर असे एकत्र आले. चिक चॉकलेट यांनी त्यांच्यासोबत दीर्घकाळ काम केले. ‘अलबेला’च्या एका नृत्यगीतात तर ते आपल्या ताफ्यासह प्रत्यक्ष पडद्यावरही झळकले आहेत.

हलक्याफुलक्या गाण्यांचा वाद

फिल्मिस्तानच्या 1947 च्या ‘शहनाई’तील रविवारच्या भेटीचे गाणे हा पहिला मोठा धमाका. पी. एल. संतोषी यांचे शब्द खट्याळ, चाल नाचरी आणि सोबत मीना कपूर व शमशाद बेगम. चितळकरांनी त्यात विलायतेतून परतल्याचा तोरा मिरवणाऱ्या साहेबाची अशी काही नक्कल केली, की गाणे गल्लोगल्ली पोहोचले. तितक्याच तीव्रतेने नाकेही मुरडली गेली. देश स्वतंत्र होत असताना हा उथळपणा कशाला, असा सूर निघाला. शास्त्रीय तालीम घेतलेल्या माणसाने असे काही करावे, याचे जाणत्यांना वैषम्य वाटले.

चितळकर डगमगले नाहीत. ‘पतंगा’ (1949) या चित्रपटात शमशाद बेगम यांच्यासह त्यांनी गायिलेले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे या दृष्टीने मुद्दाम ऐकावे. ब्रह्मदेशातील युद्धाची आणि तेथून पायी परतलेल्या निर्वासितांची आठवण त्या वेळी ताजी होती. त्या पार्श्वभूमीवर दूरदेशीच्या पतीचे विनोदी विरहगीत लोकांनी डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘समाधी’त लॅटिन अमेरिकी ढंगाची चाल लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या तोंडी शोभून दिसली. या चालीचा उगम परदेशी गाण्यात आहे, हे जाणकारांनी दाखवून दिले आहे आणि त्यात तथ्य आहे. बाहेरची चाल उचलण्याचा दोष सी. रामचंद्र यांच्या पदरी टाकावाच लागतो. मात्र उचललेल्या चालीला देशी शब्दांचे वजन आणि नर्म विनोद देण्याची हातोटी त्यांची स्वतःची होती, हेही मान्य करावे लागते.

मग आला 1951 चा ‘अलबेला’. नायक, निर्माता, दिग्दर्शक सबकुछ भगवानदादा; नायिका गीता बाली. भगवानदादांना नृत्याची रीतसर तालीम नव्हती. त्यांचे नाचणे म्हणजे ठेक्यावर स्वतःला सैल सोडणे. चितळकरांचे गाणेही तसेच. त्यांचा आवाज रुंद नव्हता, घुमारेदार नव्हता. किंचित अनुनासिक, बोलल्यासारखा आणि कुठेही ताण न देणारा असा तो गळा होता. तान मारण्याची ताकद असूनही ती आवरून धरायची आणि शब्दाला मात्रेच्या थोडे मागे रेंगाळू द्यायचे, ही त्यांची खुबी. एखाद्या ओळीच्या शेवटी ते स्वर असा सोडून देत, की पुढचा ट्रम्पेट तो अलगद झेलून घेई. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगोचा ठेका, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि लताबाईंचा धारदार स्वर या सगळ्यांमधून हा साधा आवाज बेफिकीरपणे फिरत राहतो. नशिबाच्या लहरीपणावरचे त्यांचे एकल गीत ऐकताना तर गिरणगावातला एखादा फटका माणूस खिशात हात घालून आपल्याशी बोलतो आहे, असे वाटते. मोठ्या गळ्याच्या गायकाकडून ते असे उतरलेच नसते.

तेव्हाच्या ध्वनिमुद्रणाची रीत लक्षात घेतली, तर या सहजतेचे मोल अधिक कळते. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दालनात उभे राहत. कोणा एकाची चूक झाली, की गाणे पहिल्यापासून. संगीतकार या नात्याने साऱ्या ताफ्याची जबाबदारी डोक्यावर आणि त्याच वेळी मायक्रोफोनपुढे निश्चिंत माणसाचे गाणे, अशी ही दुहेरी कसरत होती.

सरकारी पातळीवर मात्र अशा गाण्यांना मान नव्हता. बा. वि. केसकर 1952 मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी सी. रामचंद्र यांच्या संगीताचा ‘शिन शिनाकी बूबला बू’ पडद्यावर आला. अर्थहीन अक्षरांचा असा खेळ जाझमध्ये लुई आर्मस्ट्राँगने 1920 च्या दशकातच रूढ केला होता. येथे तो चित्रपटाच्या नावातच अवतरला. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि नाकारलेली ही गाणी तेथून ऐकली. अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला या लोकप्रियतेपुढे मान तुकवावी लागली.

अनारकली आणि ईना मीना

टीकेला सी. रामचंद्र यांनी उत्तर दिले ते ‘अनारकली’तून. 1953 च्या या चित्रपटातील लताबाईंची गाणी ऐकल्यावर, हा संगीतकार केवळ उडत्या चालींचा धनी आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. येथेच गायक चितळकरांचे नुकसान झाले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. गंभीर गाण्यांना प्रतिष्ठा मिळाली. गमतीची गाणी ही पोटासाठी केलेली तडजोड, असा समज दृढ झाला आणि ती गाणारा गळाही त्याच हिशेबात मोजला गेला.

त्या गळ्याचा पल्ला किती होता, याचा दाखला 1955 च्या ‘आझाद’ने दिला. नौशाद यांनी वेळेअभावी नाकारलेला हा चित्रपट सी. रामचंद्र यांनी अल्पावधीत पूर्ण केला. त्यातील एक हळुवार युगुलगीत तलत महमूद यांच्यासाठी योजले होते. ते येऊ शकले नाहीत, तेव्हा चितळकर स्वतःच लताबाईंसोबत उभे राहिले. तलतचा मखमली कंप त्यांनी असा साधला, की कित्येक श्रोते आजही ते गाणे तलतचेच समजतात. गायकाच्या दृष्टीने याहून मोठे यश नाही आणि याहून मोठा अन्यायही नाही.

दोन वर्षांनी ‘आशा’ आला. मुलांच्या खेळातल्या मोजणीच्या अक्षरांवरून ‘ईना मीना डीका’ सुचले आणि त्यात गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. एला फिट्झजेराल्ड यांनी 1938 मध्ये एका बालगीताचे असेच स्विंगगीत केले होते. मुलांची बडबड आणि जाझ यांचे नाते असे जुनेच आहे. हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले. संगीतकाराने त्यासाठी स्वतःचा गळा पुढे केला नाही. किशोरकुमारचा अफाट जोम ऐकल्यावर त्यांनी घेतलेला निर्णय योग्यच वाटतो. पण चितळकरांनी घडवलेल्या वाटेवरून पुढे दुसरा गळा निघून गेला, ही गोष्टही खरी.

उतरणीचा काळ

दशक संपता संपता लताबाईंशी मतभेद झाले आणि दोघांचे एकत्र काम थांबले. व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ला 1959 मध्ये त्यांनी आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजांतून उजाळा दिला, तरीही कामाचा ओघ आटू लागला. अशा वेळी कवी प्रदीप यांच्या गीताने लताबाईंना आणि त्यांना पुन्हा एकत्र आणले. चीनच्या युद्धातील पराभवाची जखम ओली असताना 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत ते गाणे सादर झाले आणि राष्ट्राच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले.

उतरत्या काळात त्यांची पावले मराठीकडे वळली. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ला त्यांनी 1952 मध्येच संगीत दिले होते. आता ‘धनंजय’ (1966) आणि ‘घरकुल’ (1970) या मराठी चित्रपटांची त्यांनी निर्मिती केली, संगीत दिले आणि त्यांत कामही केले. नायक होण्याची तरुणपणीची हौस अशी उशिरा का होईना भागली. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी दिलेल्या चालींत तर नागपूर-पुण्याची तालीम पुन्हा उमलून आली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र 1977 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील स्पष्ट कथनामुळे वादही झाला. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता.

नाव नसलेला आवाज

दरवर्षी प्रजासत्ताकदिनी शाळाशाळांतून त्यांचे ते गंभीर गीत वाजते आणि संगीतकाराचे नाव आदराने घेतले जाते. ते उचितच आहे. त्याच माणसाचा हसरा, झुलता आवाज मात्र वराती आणि ऑर्केस्ट्रांमध्ये बेवारस फिरत राहिला आहे. त्याच्यामागे उभे असलेले गोव्याचे वादक तर त्याहून अनामिक. चिक चॉकलेट 1967 मध्ये गेले. त्यांच्यासारख्या अनेकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली.

पार्श्वगायनाच्या पद्धतीचे हे जणू अटळ फलित आहे. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा आणि वाहवा बहुतेक वेळा चेहऱ्याला. आपल्या झाडीपट्टीत निराळे चित्र दिसते. धानाची कापणी उरकली, की वडसा परिसरातील मंडळ्या गावोगावी निघतात. मांडवात रात्र रात्र नाटक रंगते, वादक समोर बसलेले असतात आणि गाणारा कलावंत प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभा असतो. आवडलेल्या गळ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पाराखाली घेतले जाते. नट होण्यासाठी घराबाहेर पडलेल्या रामचंद्र चितळकरांना असाच मंच हवा होता. त्यांच्या वाट्याला आला तो बंद दालनातला मायक्रोफोन आणि पडद्यावर दुसऱ्याचा चेहरा.

म्हणूनच पुढच्या वरातीत ‘अलबेला’ची चाल वाजू लागली आणि कोणी लहान मुलाने गायकाचे नाव विचारले, तर भगवानदादांच्या जोडीने चितळकरांचेही नाव सांगावे. आवाज साधा असला तरी झोका त्याचाच आहे.